पट्टा बोलला का?

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, घड्याळाचाही नव्हे. मोटारबोटीच्या मागच्या फळीवर एक फुगवलेली होडी घट्ट बांधून ठेवायची, हे माझं काम होतं. होतं म्हणतो, कारण त्या कामावरून मला काढलेलं आहे. बसा मित्रांनो. सांगतो सगळं, पण सावकाश सांगतो. फार दमलोय मी.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो धागे एकत्र विणले, टोकाला कडी शिवली, मध्ये खटक्याचं बकल बसवलं, आणि लगेच दोन यंत्रांनी मला दोन बाजूंनी ओढून पाहिलं. तान्ह्या बाळाला कोणी असं वागवतं का? पण आमच्यात तशीच रीत असते. हल्ली माणसं उठता-बसता म्हणतात, 'फार ताण आहे हो!' मला हसू येतं. मी ताणातच जन्मलो, ताणातच वाढलो, आणि ज्या दिवशी ताण गेला त्या दिवशी माझी नोकरीही गेली.

बोट एका नवरा-बायकोची होती. लोकांना समोरच्या वाळूच्या किनाऱ्यावर फिरायला न्यायचं आणि परत आणायचं, हा त्यांचा धंदा. बायको नवऱ्याला सगळ्यांदेखत 'आमचे कप्तान' म्हणायची, आणि दोघंच असली की 'अहो, ऐकलंत का?' वाळूजवळ पाणी उथळ, तिथे मोटारबोट जाईना. म्हणून ती रबरी होडी. बाईने तिचं नाव ठेवलं होतं ढब्बी. ढब्बीतून माणसं वाळूवर उतरायची. काम झालं की ढब्बीला पाण्यातून ओढून मागच्या फळीवर घ्यायचं, कुशीवर वळवायचं, तिची पाठ बोटीला टेकवायची आणि आम्ही दोन पट्ट्यांनी तिला दोन बाजूंनी आवळायचं. ढब्बी नसेल तर धंदा नाही, हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

आता ढब्बीची एक खोड ऐका. उन्हात ती नुसती फुगायची, आणि ऊन उतरलं की तोंड पाडून बसायची. आतली हवा थंड झाली की अंग आक्रसायचं आणि आम्ही दोघे पट्टे लोंबकळायला लागायचो. म्हणून बाईचा नियम होता, 'उन्हात आवळलेलं सावलीत पुन्हा बघायचं.' निघण्याआधी कप्तान मला एक टिचकी मारायचा आणि विचारायचा,

"बोलला का?"

मी घट्ट असलो तर टण्णकन वाजायचो. सुकाणूपाशी उभी राहून बाई सांगायची, "बोलला!" मी ढिला असलो तर माझ्याकडून नुसतं फद्द व्हायचं. मग ती म्हणायची, "मुका आहे हो, आवळा अजून." बोटीवर आलेल्या माणसांना हा म्हाताऱ्या जोडप्याचा लाडिक खेळ वाटायचा.

खेळ कसला, डोंबल! इंजिनाच्या धडधडीत आयुष्य काढून कप्तानाचे कान गेले होते. टिचकीच्या टोकाशी असूनही त्याला मी ऐकू येत नव्हतो. त्याने हे कुणाला सांगितलं नाही, आणि बाईने ते कधी विचारलं नाही. ती फक्त उत्तर द्यायची. कारण एकदा हे बाहेर फुटलं असतं तर त्याच्या हातून सुकाणू गेलं असतं. आणि सुकाणू सोडून तो माणूस करणार काय होता? घरी बसून भिंती मोजणार?

जावई तर टपूनच होता. माणूस वाईट नव्हता हो. 'आता पुरे झाली ती बोट, आमच्याकडे येऊन राहा' असं तो मनापासून म्हणायचा. फक्त दुसऱ्याचं भलं करायची त्याला भारी घाई.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि बाई तिच्याकडे राहायला गेली. तिच्या जागी मदतीला आला जावई. त्या दिवशी दोघांनी लोकांना दुपारी वाळूवर मुक्कामाला सोडलं, ढब्बीला फळीवर घेतलं आणि रणरणत्या उन्हात आम्हाला आवळलं. मी असा घट्ट बसलो होतो की काय सांगू! मग इंजिन कुरकुरायला लागलं. ते दुरुस्त करता करता ऊन कलंडलं, वारा सुटला आणि ढब्बीने नेहमीप्रमाणे अंग चोरलं. माझ्यातला ताण गेला. मी आपला लोंबतोय.

कप्तान घाईघाईने आला. हातात तेलकट जाड मोजे तसेच, त्यामुळे माझं ढिलेपण त्याच्या बोटांना कळलंच नाही. त्याने मला टिचकी मारली. मी म्हटलं, फद्द.

"बोलला का?" त्याने सवयीने मागे वळून विचारलं.

सुकाणूपाशी जावई पाठ करून उभा होता. नुकताच त्याने खिशात फोन ठेवला होता. बोट विकत घेणारा एक माणूस त्याने सासऱ्याच्या नकळत गाठला होता, आणि त्याच्याशीच बोलणं चाललं होतं. प्रश्न ऐकून तो दचकला. याला कळलं कसं?

"बोलला, बोलला!" तो गडबडून म्हणाला. "उद्या येतोय म्हणाला."

पुढचं वाऱ्यावर गेलं. कप्तानाला एवढंच कळलं की पट्टा बोलला. त्याने बोट हाकली.

मी ओरडत होतो मित्रांनो. पण ढिल्या पट्ट्याला आवाज नसतो. पहिल्याच मोठ्या लाटेला ढब्बी घसरली. माझा जोडीदार कडीतून निसटला आणि तिचं सगळं वजन एकट्या माझ्यावर आलं. अर्धी ढब्बी पाण्यात, बोट तिला फरफटत नेतेय, आणि माझी शिवण टाक्याटाक्याने उसवतेय. आई गं! ती कळ आठवली की आजही अंगावर काटा येतो. पण सोडलं नाही मी. शेवटी बोट एका अंगाला ओढ घ्यायला लागली तेव्हा कप्तानाने मागे पाहिलं, इंजिन बंद केलं, आणि सासरा-जावयाने मिळून ढब्बीला वर खेचलं. फळीच्या कोपऱ्याने तिचं पोट खरचटलं होतं. ती वाचली.

बातमी कळताच लेकीकडून बाई धक्क्यावर धावत आली. आधी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग ढब्बीला, मग मला.

"टिचकी मारली नव्हती का?"

"मारली की! हे म्हणाले ना, बोलला म्हणून."

बाईने जावयाकडे पाहिलं. "कोण बोलला, जावईबापू?"

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खाली मला पाहिलं, सासऱ्याच्या कानाकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्याला त्या क्षणी सगळं समजलं. आता एक वाक्य बोलला असता तर बोट गेली असती. पण मग फोनवर कोण बोलला, तेही सांगावं लागलं असतं.

"पट्टाच जुना झालाय, आई," तो पुटपुटला.

"हो ना," बाई लगेच म्हणाली. "मी कधीची म्हणतेय, पट्टा जुना झालाय."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. एकाचे कान, दुसऱ्याचा फोन, आणि जुना कोण, तर मी! ज्याने ढब्बीला धरून ठेवलं, तोच! मला फार लागलं ते. अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी तो घेणारा माणूस आला. बाईने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "बोट विकायची नाही हो. पट्टा तेवढा बदलायचाय." जावई शेजारीच उभा होता. त्याने मुकाट्याने मान डोलावली.

मला फळीवरून काढलं आणि बाकाखालच्या कपाटात लाइफजॅकेटांच्या गठ्ठ्याला बांधलं. अंधार, कुबट वास, आणि दिवसभर वरून नव्या पट्ट्याची टण्णटण्ण. पोरटं बोलतं बरं, पण जरा जास्तच.

मग बाईने आणखी एक केलं. "अहो, मला हल्ली कमी ऐकू येतं. डॉक्टरांकडे सोबत येता का?" असं म्हणून ती कप्तानाला घेऊन गेली. तिच्या कानांना काय धाड भरली होती? पण परत आले तेव्हा कानात यंत्र कप्तानाच्या होतं.

परवा तो जॅकेटं काढायला खाली वाकला. मी गठ्ठ्यावर घट्ट आवळलेलो. त्याचा हात थांबला. त्याने हळूच, जुन्या सवयीने, मला एक टिचकी मारली.

टण्ण.

तो तसाच वाकलेला राहिला. पुन्हा मारली. मी पुन्हा बोललो. शिवण ठणकत होती तरी बोललो.

"अगं," तो वर न बघता म्हणाला, "हा बोलतो की गं."

"केव्हाचाच बोलतोय," बाई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपायला लागली.

माझा सगळा राग तिथेच ओसरला. मित्रांनो, तुमच्याही घरात जुनी वस्तू असेल, जुनं माणूस असेल. 'जुना झालाय' म्हणून कोपऱ्यात टाकण्याआधी एकदा टिचकी मारून बघा. आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.