शून्य किलोमीटरचे टोमॅटो

माझ्या मोठ्या दिरांना मी तोंडावर भाऊजी म्हणते आणि पाठीमागे किलोमीटर. हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलंय. गेल्या वर्षी एका दुपारी ते आमच्याकडे जेवायला बसले होते. बशीतलं सफरचंद उचलून त्यांनी मला विचारलं, "हे किती किलोमीटरवरून आलंय, माहितीये?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून," मी म्हटलं.

"तसं नाही गं. मुळात कुठून?"

मला काय ठाऊक मुळात कुठून! मी कुरियरच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांची पार्सलं कुठून कुठे चालली हेच बघायचं, आणि घरी येऊन आता सफरचंदाचाही पत्ता शोधायचा? भाऊजींनी एक सुस्कारा सोडला, अडाणी माणसासमोर सोडतात तसला. सफरचंद मात्र देठापर्यंत खाल्लं.

आमचं घर दोन मजली. खाली आम्ही, वर भाऊजी आणि वहिनी, म्हणजे माझ्या जाऊबाई. घर बांधलं माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळे बाबाच म्हणतात. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, उभा जन्म त्यांनी लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवण्यात घालवला. दुकान विकल्यावर ते वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी. दुकानातली वेताची खुर्ची खिडकीशी टाकून ते बसायचे आणि खालून जाणाऱ्या माणसांकडे बघत म्हणायचे, "तो बघ, माझी फ्रेम." कितीतरी वर्षांपूर्वी विकलेली फ्रेम ते लांबून ओळखायचे. आणि एकदा ओळखली की स्वारी दिवसभर खूश.

आता भाऊजी करतात काय, तर टाइल्सच्या कंपनीत मोठे साहेब आहेत. समुद्रापलीकडून दगड मागवायचा आणि लोकांच्या बाथरूममध्ये चिकटवायचा. त्यासाठी सारखं विमान. पण पृथ्वीची काळजी त्यांना घरी आल्यावरच लागते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऑफिसचं वेगळं असतं गं."

सगळ्यात आधी त्यांनी गाडी विकली. झालं, दर रविवारी आमच्या ह्यांच्या व्हॅनला काम लागलं. हे शाळेची मुलं ने-आण करतात, आठवड्यातून एक दिवस काय तो उशिरा उठायचा. पण भाऊजींना शहराबाहेरच्या एका शेतावरून स्थानिक भाजी आणायची असायची. व्हॅन आमची, पेट्रोल आमचं, झोपमोड आमच्या ह्यांची, आणि भाजी स्थानिक! आमच्या फाटकाशी रोज एक भाजीवाली बसते. वहिनींनी तिलाही विचारून झालं, भाजी कुठली. ती म्हणाली, "घरामागच्या वाफ्यातली, ताई." वहिनी म्हणाल्या, "पण तुमच्याकडे तसं सर्टिफिकेट नाही ना!"

मग वॉशिंग मशीन गेलं. "हातानं कपडे धुण्यात एक ध्यान असतं," वहिनी म्हणाल्या. ते ध्यान पहिल्या चादरीला भंगलं. तेव्हापासून चादरी, टॉवेल, भाऊजींच्या जीन्स, सगळं खाली माझ्या मशीनमध्ये. वर पुन्हा सल्ला, की तू पावडर फार घालतेस.

आणि मग फ्रिज. तो कुणाला तरी देऊन टाकताना दोघांनी त्याच्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढून घेतला. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. वहिनी टोपली घेऊन उभ्या.

"थोडंसं ठेवशील का गं?"

थोडंसं म्हणजे दूध, लोणी, कालचं सूप, परवाचं सूप, आणि एक चीजचा गोल डबा. त्यावरची अक्षरं मला वाचताही येईनात. "हे एवढं एकच बाहेरून येतं," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. "माणसाला एखादी तरी कमजोरी असावी." टोपलीच्या तळाशी बाबांचं इन्सुलिन होतं.

त्या इन्सुलिननेच सगळं सुरू झालं. बाबांना रोज इंजेक्शन लागतं, आणि इंजेक्शन आता खाली. गुडघे धरून म्हातारा माणूस जिना उतरायचा, टोचून घ्यायचा, पुन्हा कठडा धरून वर जायचा. मी म्हटलं, मी वर आणून देते. तर वहिनी म्हणाल्या, "तुझी कशाला धावपळ? त्यापेक्षा बाबा दोन दिवस खालीच राहू देत." बाबा बॅग घेऊन आले. मी कपाट रिकामं करायला लागले तर म्हणाले, "राहू दे गं पोरी, दोन दिवसांसाठी कशाला पसारा?"

त्या दोन दिवसांत त्यांच्या खोलीत लोखंडी मांडण्या लागल्या. पलंग हलवून भिंतीला उभा केला. घरातलं सगळ्यात चांगलं ऊन त्या खिडकीत येतं, असा शोध भाऊजींना लागला होता, आणि तिथे टोमॅटो लावले होते. "शेतावर जायचीही गरज नाही आता," ते छाती फुगवून म्हणाले. "शून्य किलोमीटर!" बाबांच्या वेताच्या खुर्चीवर रोपांचा ट्रे होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टोमॅटोला शून्य किलोमीटर, आणि बापाला एक मजला खाली! मी ह्यांना म्हटलं, "बोला ना भावाशी." हे म्हणाले, "बोलतो." ह्यांचं बोलतो म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे.

आमच्या खालच्या खोलीला खिडकी आहे, नाही असं नाही. तिच्यातून पार्किंगची भिंत आणि शेजाऱ्याच्या स्कूटरची सीट दिसते. बाबा तिथे बसायचे आणि स्कूटरच्या सीटकडे बघायचे. मी म्हटलं, "फाटकाशी खुर्ची टाकून देऊ का? रस्ता दिसेल." तर म्हणाले, "नको, वर जायचंच आहे आता." त्यांची बॅग दाराशीच असायची. शर्ट काढायचा तर चेन उघडून काढायचे आणि चेन परत लावून ठेवायचे. एवढीच इच्छा त्या माणसाची, आपल्या खोलीत परत जायचं. स्वतः बांधलेल्या घरात! मला त्या बॅगेकडे बघवायचं नाही.

उन्हाळा सरला, बॅग तिथेच. मग एक दिवस वहिनी खाली आल्या, जिभेवर साखर पेरून. कुठल्याशा संस्थेची हिरव्या घरांची स्पर्धा होती. परीक्षक बाई येत्या रविवारी घर बघायला येणार होत्या. "घरातली वीज, पाणी, कचरा, सगळं ते माणशी काढतात," वहिनी म्हणाल्या. "माणसं जास्त तितका आकडा कमी. आणि घरात वडीलधारं कुणी असेल तर जादा गुण. रविवारी बाबांना वर घेऊन जाऊ म्हणते."

म्हणजे जागा खायला बाप नको आणि भागाकाराला हवा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून बाबा आले.

"मग मी वरच राहू का?" त्यांनी विचारलं. शाळेतलं मूल विचारतं तसं.

"बघू ना बाबा," वहिनी म्हणाल्या. "आधी हे नीट पार पडू दे."

बाबांना तेवढं पुरलं. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग हातात घेऊन ते तयार. बॅग मी उचलली आणि त्यांच्या मागून वर गेले. खोलीत मांडण्या जरा सरकवून मधे पलंग टाकला होता. उशाशी मातीचं मडकं, आणि मडक्यात इन्सुलिनचं रिकामं खोकं. भरलेलं खोकं माझ्या फ्रिजमध्ये, चीजच्या शेजारी.

परीक्षक बाई भल्या होत्या. साधी कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. टोमॅटोची पानं त्यांनी प्रेमाने चाचपली. मग बाबांजवळ बसल्या. "आजोबा, फ्रिज नाही, मशीन नाही. तुम्हाला त्रास होत असेल ना?"

मी दारात उभी होते. जिभेवर सगळं आलं होतं, अगदी चीजसकट. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अशी विनवणी होती त्या नजरेत की मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"छे, मला कसला त्रास?" बाबा म्हणाले. "औषध मडक्यात छान राहतं. मुलगा-सून फार जपतात. मला लागतं काय, ही खिडकी मिळाली की झालं." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की परीक्षक बाईंनी डोळे टिपले. "तो बघा, माझी फ्रेम," ते त्यांना दाखवायला लागले. वहिनींनी लगेच फोटो काढला.

त्याच संध्याकाळी फोन आला. पहिला नंबर! वर टाळ्या, आरडाओरडा. मी इंजेक्शन घेऊन वर गेले तर बाबा पलंगावर बसून बॅगेतले कपडे काढत होते. एकेक शर्ट झटकून मांडीवर ठेवत होते.

"बाबा, जरा थांबा ना," वहिनी म्हणाल्या. "पलंग मधे असला की मागच्या रोपांना ऊन लागत नाही. आणि आत्ता फुलोरा आलाय, मांडण्या सारख्या हलवल्या तर गळून जाईल सगळा. हंगाम संपला की बघू, हं?"

भाऊजी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते. बाबांनी शर्ट परत बॅगेत ठेवले, चेन लावली. जिना उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला रडू फुटत होतं, आणि त्या नवरा-बायकोला धरून झोडावंसंही वाटत होतं. भावाशी बोलत नाहीत म्हणून आदल्या संध्याकाळपासून मी आमच्या ह्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्यात आणखी दोन दिवसांची भर पडली.

पुढच्या आठवड्यात परीक्षक बाई पाटी घेऊन आल्या. 'हिरवं घर', पितळी अक्षरांत. बरोबर फोटोग्राफर. त्यांना वर बसवून वहिनी धापा टाकत खाली. "बाबा, चला ना पटकन. पाचच मिनिटं. त्या विचारताहेत, आजोबा कुठे."

बाबा स्कूटरच्या सीटकडे बघत बसले होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"आत्ता नको गं," ते म्हणाले. "मला सारखं हलवलं की मी गळून जातो. हंगाम संपला की बघू."

वहिनींचा चेहरा खाडकन उतरला. आणि जिन्यात पावलं वाजली. परीक्षक बाई मागोमाग आल्या होत्या, मागे भाऊजी.

"आजोबा, तुम्ही इथे असता?"

"नाही नाही," वहिनी घाईने म्हणाल्या, "बाबांच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो ना, म्हणून ते जरा वेळ खाली..."

"चीजलाही लागतो," बाबा शांतपणे म्हणाले. "मी आणि चीज, आम्ही दोघं खालीच असतो."

मी पुढे होऊन फ्रिजचं दार उघडलं आणि बाजूला झाले. मला काहीसुद्धा बोलावं लागलं नाही. बाईंनी दूध पाहिलं, सुपाचे डबे पाहिले, चीज पाहिलं, इन्सुलिन पाहिलं. मग दाराशी ठेवलेली बॅग पाहिली.

पाटी त्या परत घेऊन गेल्या, असं मला सांगायला फार आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. नाव कोरून झालं होतं, बातमी देऊन झाली होती, संस्थेलाही आपली अब्रू असतेच. पाटी वर लागली. फोटो मात्र त्यांनी काढू दिला नाही, आणि पाणीही न पिता गेल्या.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊजी खाली आले. मान खाली. "बाबा, मांडण्या काढल्यात. खोली रिकामी आहे. चला."

मला वाटलं, आता म्हातारा उठणार. इतके महिने ज्याची वाट पाहिली तेच समोर आलं होतं. बाबांनी बॅग ओढून घेतली, चेन उघडली आणि माझ्याकडे देत म्हणाले, "कपाटात जागा आहे का गं?" मग भाऊजींना म्हणाले, "तेवढी माझी खुर्ची खाली आणून दे."

भाऊजी खुर्ची घेऊन आले. वेतात माती अडकली होती, ती मी ब्रशने घासून काढली. आता ती खुर्ची फाटकाशी असते, भाजीवालीच्या शेजारी. मी कुरियरमधून सुटले की पाच-दहा मिनिटं तिथे टेकते. बाबा माणसं बघतात, ती टोमॅटो मोजते.

काल बसलो होतो. वळणावरून कुणीतरी पिशवी घेऊन येत होतं. बाबा पुढे झुकले.

"तो बघ, माझी फ्रेम."

मी पाहिलं तर भाऊजी. ती फ्रेम बाबांनी त्यांना नोकरी लागली तेव्हा दिली होती, अजून तीच वापरतात.

"अहो बाबा, तुमचा मुलगा आहे तो," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले. "मला इथून फ्रेम तेवढी ओळखू येते."