इंजिनाचं वावर

त्या दिवशी लिहायला दिलेले कागद परत देऊन काम सोडायचं, असं ठरवूनच मी भगवानरावांच्या ओसरीवर गेलो होतो. थकलो होतो. चुडाव्यातल्या वावरांची नावं आणि त्यांच्यामागच्या गोष्टी, असं पुस्तक आम्ही चौघं मिळून करत होतो. पण गाव बाकी तिघांचं. मी नोकरीला आलेला मास्तर. निवृत्तीनंतरही इथंच राहिलो, तरी बाहेरचाच. माझ्यावाचून काही अडणार नव्हतं.

राजेश्रीताई परभणीला कॉलेजात शिकवतात. लिहिलेलं प्रत्येक पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी माझं पान घेतलं.

"इंजिनाचं वावर. इथल्या विहिरीवर पूर्वी रेल्वेचं इंजिन पाणी घेत असे, असे म्हणतात..."

"थांबा," नर्मदाबाई म्हणाल्या. त्या शेळ्या बांधून नुकत्याच आल्या होत्या. "कोण म्हणतंय?"

"तुम्हीच सांगितलंत ना," मी म्हणालो.

"मंग माझं नाव घालायला काय झालं? मी काय मेलेय?"

भगवानराव हसले. "पानभर 'असे म्हणतात'च हाय. गुरुजी, पोलिसात जबाब द्यायलात का?"

ठामपणे सांगणारा मी कोण, असं लिहिताना मला सारखं वाटायचं. राजेश्रीताई एकेक 'असे म्हणतात' खोडून तिथं ज्याचं त्याचं नाव घालत गेल्या. शेवटचं वाक्य राहिलं: एकदा इंजिन बंद पडून गाडी दिवसभर उभी राहिली, आणि प्रवाशांनी वावरातला भुईमूग उपटून खाल्ला, असे म्हणतात.

"हे कोणाचं?"

"माझं न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या.

"मी पाहिलंय," मी हळूच म्हणालो. "नवीनच आलो होतो. शाळेतली सगळी पोरं तिकडं पळाली, त्यांच्यामागं मीही."

'रंगनाथ गुरुजी सांगतात,' राजेश्रीताईंनी लिहिलं.

"खोटं हाय!" भगवानराव उसळले. "वावर माझ्या बापाचं. भुईमूग न्हवता, हरभरा व्हता."

"भुईमूगच होता."

"तुमाला काय ठाव?"

"पोटभर खाऊन आले आसतील," नर्मदाबाई म्हणाल्या, "त्यायला ठाव नसंल तर कुणाला?"

"दोन्ही लिहू या," राजेश्रीताई म्हणाल्या.

माझी पाठ भरून आली होती. घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

"लिहा," मी म्हणालो, "पण भुईमूग आधी." आणि पिशवीतलं पुढचं पान काढून त्यांच्या हातात दिलं.