तयारीचा शनिवार

मोठे काका आठवतात ते आधी आवाजाने. पत्र्यावर पडणारा हातोडा, ठण्, ठण्, ठण्; मग श्वासाएवढी शांतता, त्या शांततेत पुटपुटलेलं एखादं वचन, आणि पुन्हा ठण्. नाशिकला द्वारकेच्या उड्डाणपुलाजवळ, जिथे वरून मुंबई-आग्र्याची वाहतूक अखंड गरजत असते, तिथे खाली त्यांचं डेंटिंगचं वर्कशॉप होतं. पुढे वर्कशॉप, मागे राहायच्या दोन खोल्या. शनिवारी दुपारी पत्र्याच्या छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्यांच्या रुंद पाठीवर पडत, आणि हात वर गेला की ते पाठीवरून निसटून जमिनीवर येत. मी दारातून हे पाहत असे आणि मला भीती वाटत असे.

शमुवेल मिस्त्री हे त्यांचं बाजारातलं नाव. चेपलेला दरवाजा, दुमडलेलं बॉनेट, आत गेलेला मडगार्ड, काहीही आणा; त्यांच्या हाताखालून निघालेल्या पत्र्याला जखम कुठे झाली होती हे शोधून सापडायचं नाही. हेच काका आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशकही होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर, द्यायला पाळकसाहेब येत, पण त्यांच्या गळ्यात चार ठिकाणच्या मंडळ्या, त्यामुळे उपदेशाचं काम काकांकडे आलं आणि तिथेच राहिलं. सातवीपर्यंत शिकलेला तो माणूस उभा राहिला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

त्यांची तयारी शनिवारी पहाटे सुरू होई. दिवसभर अन्नाचा कण नाही, फक्त पाणी. झिजलेल्या पॉलिशपेपरच्या मागच्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने ते मुद्दे लिहीत, तो कागद खिशात घालत आणि हातोडा उचलत. एकेक वाक्य ते घावावर घासून घेत. जे वाक्य हातोड्याच्या आवाजात टिकायचं नाही, ते उद्या माणसांच्या काळजात टिकणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र्याला पडलेला पोचा बाहेरून ठोकून निघत नाही, आत हात घालून तो आतूनच काढावा लागतो, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. आणि मनाची तयारी म्हणजेही तेच, असं त्यांनी एकदा व्यासपीठावरून सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरचे म्हातारे डोळे पुसत होते. मीही रडले होते.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी मी काय पाहिलं होतं, ते आता सांगते.

शनिवारी त्या घरात आवाज करायचा नाही असा दंडक होता. मोठी काकू कुकर लावत नसे, शिट्टी होते म्हणून. ताट ठेवताना ती खाली पदराची घडी घाली, झाकणांखाली जुन्या साडीचे तुकडे अंथरी. त्या दुपारी मी आईने दिलेली भाजी पोहोचवायला गेले होते, आणि माझ्या कोपराचा धक्का लागून एक झाकण फरशीवर पडलं. ते गोल गोल फिरत, खिदळल्यासारखं वाजत राहिलं. बाहेरचा हातोडा थांबला. काका आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकू माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती, आणि ज्या हाताने गाड्यांचे पत्रे सरळ होत, तो हात तिच्या गालावर, मग मानेवर, मग खाली पडल्यावर पाठीवर पडत राहिला. मग ते बाहेर गेले, हातोडा उचलला, आणि वचन जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी काकू पांढऱ्या साडीत, पदर गालापर्यंत ओढून, बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी बसली होती. मी तेरा वर्षांची होते. झाकण माझ्याकडून पडलं हे मी कोणालाही सांगितलं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची उपासना असते. गीत होतं, पापांगीकार होतो, मग बाहेरच्या चिंचेखाली ज्यांचं ज्यांच्याशी वाकडं आहे ते एकमेकांना हात देतात आणि सलाम म्हणतात. मनात कुणाविषयी अढी ठेवून भाकरीला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे अजून लोक मनापासून पाळतात. भांडलेले व्याही, बोलेनासे झालेले शेजारी, गाण्याच्या पट्टीवरून बिनसलेले पेटीवाले, सगळे त्या चिंचेखाली सरळ होतात. निदान सोमवारपर्यंत तरी होतातच.

काकांचं वाकडं होतं माझ्या वडिलांशी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी. आजी गेली तेव्हा मातीच्या वेळी उपदेश कोणी करायचा हा प्रश्न निघाला, आणि पपा सगळ्यांदेखत म्हणाले की ज्या हाताने बायकोला मारतोस त्या हातात आईच्या शवपेटीपुढे शास्त्र धरू नकोस. काकांनी त्यांच्या डाव्या कानावर एकच ठेवून दिली. पपांचा तो कान त्या दिवसापासून गेला. पपा मुळात मवाळ माणूस, पण सूड त्यांनीही शोधला: मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, ते उजव्या टोकाच्या बाकावर असे तिरपे बसू लागले की बहिरा कान व्यासपीठाकडे येईल. भाऊ वर मेघासारखा गडगडत असे आणि हे खाली शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसत.

मग सुरू झालं ते दारातलं उभं राहणं. तयारीच्या प्रत्येक शनिवारी, उपासना सुटल्यावर काका आमच्या घरी येत. पायरीच्या खाली थांबत, उजवा हात पुढे करत आणि तसेच उभे राहत. काळ्या रेषा मुरलेला तो पंजा व्हरांड्यातल्या दिव्याच्या उजेडात पुढे धरलेला मला खिडकीतून दिसे. पपा आत पेपर वाचत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग हात खाली जाई आणि चपलांचा आवाज लांब होत जाई. असं अकरा वर्षं चाललं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भाकरीसाठी सिद्ध करणारा हा माणूस, भाकरीची ताटली आपल्यापाशी आली की मान खाली घालून ती पुढे सरकवी. मंडळीचा जीव त्याच्यासाठी तुटे. केवढा नम्र माणूस, आणि भाऊ बघा कसा दगड, असं लोक म्हणत. ते पपांच्या चांगल्या कानावर पडतच असे.

माझ्याशेजारी बसलेली काकूही ताटली तशीच माझ्याकडे देत असे. मला वाटे, नवरा घेत नाही म्हणून ही घेत नाही. पतीच्या सावलीत चालणारी बाई, दुसरं काय. बाकी कोणाच्या तर ते लक्षातही आलं नव्हतं.

मग नाताळाच्या महिन्यातला तो तयारीचा शनिवार आला. नाशिकची थंडी कशी असते ते ज्याने द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्यात त्याला विचारावं. त्या संध्याकाळी श्वासाची वाफ दिसत होती. काका पायरीखाली उभे होते. आणि पपांनी पेपर खाली ठेवला, उठले, दार उघडलं, आणि तो पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हा घे हात, दादा. माझ्या मनात आता काही नाही," पपा म्हणाले. "पण अकरा वर्षं तू चुकीच्या दारात येतोयस."

"म्हंजे?"

"मला तू एकदा मारलंस. वहिनीला दर शनिवारी मारतोस. तिच्यापुढं कधी हात केलास का?"

काकांचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, आता पपांचा दुसरा कानही जाणार. पपांच्या हातातून सोडवून घेतलेल्या त्या पंजाची मूठ झाली, नखं पांढरी पडली, आणि खरं सांगते, माझ्या हाताशी खिडकीतली पितळी फुलदाणी होती आणि ती मी उचलली होती. एक घाव माझ्याकडूनही पडायचा होता त्या डोक्यावर. पण मूठ हळूहळू सुटली. चिंचेखाली एकमेकांना हात देणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या हिशेबात मारलेली बायको कधी आलीच नव्हती. भाऊ येत होता, व्याही येत होता, पेटीवाला येत होता. काका सलाम न म्हणताच निघून गेले.

रविवारी मंदिर गच्च भरलं होतं. भावाभावांचं मिटलं ही बातमी सकाळच्या चहाआधी सगळीकडे पोहोचली होती, आणि मिस्त्री आज भाकर घेणार हे पाहायला, कधी न येणारेही आले होते. काका व्यासपीठावर चढले. खिशातून पॉलिशपेपर काढला, उलटा केला, बराच वेळ पाहिला आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. "माझी तयारी झालेली नाय," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. मधल्या वाटेने ते बायकांच्या बाजूला आले. आमच्या बाकापाशी थांबले. आणि उजवा हात पुढे केला.

काकूने झटकन मान फिरवली, खांदा वर घेतला आणि डोळे गच्च मिटले.

ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे आलेला हात कशासाठी आहे हे तिच्या मनाला कळण्याआधी तिच्या अंगाने आपलं उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत त्या मंदिरात झालेला सगळ्यात खरा उपदेश तोच होता, आणि तो करणारी बाई त्यात एक शब्दही बोलली नव्हती. काकांनी हात मागे घेतला नाही. "मार्था," ते म्हणाले, "मी तुला देवाच्या नावाखाली मारलं."

काकूने डोळे उघडले. हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझं मन अजून तयार नाय," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की ताटली ती कशासाठी पुढे देत होती. नियम सगळ्यांत चोख तिनेच पाळला होता.

काका त्यानंतर व्यासपीठावर चढले नाहीत. त्यांचा हात काकूवर पुन्हा उठला नाही, हे तिनेच मला सांगितलं. उपासही सुटला, पण तयारीच्या शनिवारी हातोडा मात्र चाले. दिवेलागणीला ते तो खाली ठेवत, रॉकेलने आणि मग साबणाने हात धूत, आत जाऊन काकूपुढे हात करत. "अजून नाय," ती म्हणे. "बरं," ते म्हणत आणि बाहेर येऊन उरलेला पत्रा ठोकत. पण आता त्या ठोकण्यात वचन नसे. सहा वर्षं हे असंच चाललं, आणि मंडळी हळूहळू काकूला नावं ठेवू लागली.

मग झटक्याने काकांची वाचा गेली आणि डावं अंग गेलं. शेवटच्या शनिवारी मी तिथे होते. माघातलं पिवळं ऊन खाटेवर आलं होतं. काकांनी उजवा हात गोधडीबाहेर काढला आणि मोठ्या कष्टाने वर धरला. काकूने तो पाहिला. मान हलवली, नाही. मग तो हात धरून गोधडीखाली ठेवला आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून दिली, कारण गारठा होता. चार दिवसांनी ते गेले.

पुढच्या पहिल्या रविवारी ताटली आली तेव्हा काकूने भाकरीचा तुकडा उचलला आणि खाल्ला. बाहेर चिंचेखाली मी तिला विचारलं, काकू, माफ केलंस का त्यांना?

काकू म्हणाली, "ते विचारायचे, मी नाय म्हणायचे. जन्मात तेवढंच एक मला माझ्या मनासारखं करता आलं. आता विचारणारंच कोणी राहिलं नाय, तर नाय कोणाला म्हणू?"

वर्कशॉपला आता कुलूप आहे आणि काकू आमच्याकडे राहते. आज रविवारी बायकांची उपासना आहे, उपदेश माझ्यावर आलाय. काल शनिवारी दुपारी मी टेबलाशी बसले होते. काकांच्या कपाटात मिळालेल्या पॉलिशपेपरच्या पाठीवर मुद्दे काढत होते. घर फार शांत वाटलं, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले. काकूने कोणी न सांगता झाकणांखाली जुन्या साडीचे तुकडे अंथरले होते, आणि एकेक भांडं बाळ निजवावं तसं त्यावर ठेवत होती.

मला काय झालं कळलं नाही. मी तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि फरशीवर टाकून दिलं. ती दचकली, खांदा वर गेला, डोळे मिटले. झाकण गोल गोल फिरत वाजत राहिलं, आणि ते पार थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. कोणी आलं नाही.

"लय वाजतं गं," काकू डोळे उघडून म्हणाली. मग तिने दुसरं झाकण उचललं, जरा वेळ हातात तोललं, आणि सोडून दिलं.

माणूस जातो, त्याचा आवाज जातो, त्याच्या हाताची राखही न होता माती होते. पण त्या हाताला दचकणारं अंग मागे राहतं, आणि आता कोणी येणार नाही हे त्याला समजावून सांगायला काळाला एक आयुष्य पुरत नाही.