खड्ड्यातला आवाज

"मोन्चो, अरे हळू! हातात पाना आहे, कुदळ नाही."

एवेलियो गुडघे टेकून आपल्याच पिकअपखाली वाकून बघत होता. तपासणी केंद्राच्या समोर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत मोन्चोचा धंदा चाले. धुरातलं विष मारणारा पत्र्याचा डबा, ज्याला सगळे नुसतं 'कॅटॅलिटिक' म्हणत, तो तासाच्या भाड्याने द्यायचा. सायलेन्सरच्या नळीत बसवायचा, रस्ता ओलांडून गाडी पास करून आणायची, की काढून पुढच्याला. निळ्या रंगाचा ओघळ असलेला तो एकच डबा दिवसाकाठी सात-आठ गाड्यांची अब्रू राखत असे.

"काका, या नळीवरचं तुमच्या हातचं वेल्डिंग बघून आम्हाला लाज वाटते हो," मोन्चो खालून म्हणाला. "चार बोल्ट आवळले की आमचं काम झालं. खोटेपणाला एवढी मेहनत कोण घेतं?"

"तोंड नको चालवू, हात चालव. इंजिन गार झालं तर धूर जास्त येतो, तापवायला पुन्हा घाट चढून यावं लागेल मला."

गाडी चौऱ्याऐंशी सालची. तुरियाल्बा डोंगराच्या उतारावरच्या चौदा गोठ्यांचं दूध तीस वर्षं तिनेच खाली चीजवाल्याकडे पोहोचवलं होतं. या वर्षी ती धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली. एवेलियोने कार्बोरेटर खोलला, धुतला, कानाने ऐकून ऐकून लावला, पण यंत्राला काही त्याचा कान मान्य होईना. मुदत आज संपत होती. आज नापास म्हणजे फाटकावरचा वाहतूक पोलीस नंबराच्या पाट्या काढून घेणार, आणि चौदा दारांत उद्या दूध कंपनीचा टँकर उभा राहणार. टँकरवाला महिनाभर त्याचीच वाट बघत होता.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. एवेलियोची मुलगी योर्लेनी याच केंद्रात तपासनीस होती. दोन वर्षांच्या पोराला एकटीने वाढवत होती, आणि ही नोकरी गेली तर दुसरी सहज मिळणारी नव्हती. रविवारी घरी आली तेव्हा गुळाच्या पाण्याचा पेला हातात धरून ती म्हणाली होती, "पापा, भाड्याचा डबा लावून येऊ नका हं. दिसत असून सोडला म्हणून गेल्या महिन्यात आमच्यातल्या दोघांना घरी बसवलं. तपासणीच्या खड्ड्यात कॅमेरा असतो."

"मी? वेडी की काय तू?" तो म्हणाला होता, आणि मान खाली घालून भाकरी मोडत बसला होता.

पण योर्लेनी तिसऱ्या रांगेत असायची. आपण पहिल्या रांगेत जायचं, म्हणजे तिची सावलीसुद्धा आपल्यावर पडायला नको, असा त्याने हिशेब केला.

पहिल्या रांगेत एका तपासनिसाने धुराच्या नळीत सळई खुपसली आणि गाडी रेस करायला सांगितली. पडद्यावर आकडे नाचले, थरथरले आणि खाली येऊन थांबले. हिरवा दिवा लागला. एवेलियोने छातीवर क्रूस काढला. शाळेत कधी कुणाच्या पाटीत डोकावला नव्हता तो, त्यामुळे पास होण्याचा आनंद नेमका कुठे ठेवावा हेच त्याला कळेना.

आता शेवटचा खड्डा. जमिनीत खोल चर, त्यात तपासनीस उभा राहून गाडी खालून बघणार, आणि वर चालकाला कर्ण्यावरून सूचना देणार.

"गाडी पुढे घ्या," कर्णा म्हणाला. "आणखी थोडी. बस. ब्रेक दाबा."

एवेलियोचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच गोठला. योर्लेनीचा आवाज होता तो. आज तिला पहिल्या रांगेला लावलेलं दिसत होतं.

"सोडा. स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे."

तिलाही कळलंच असणार. या गाडीखाली लोळतच ती मोठी झाली होती. कुठला बोल्ट कधी बदलला हे तिला त्याच्यापेक्षा नीट पाठ होतं. क्लचपाशी गाडीचा पत्रा गंजून भोक पडलं होतं. त्यातून तिच्या बॅटरीचा उजेड वर आला, एवेलियोच्या बुटावरून सरकला, मागे गेला. आणि थांबला.

कर्णा गप्प झाला.

"काय झालं खाली?" हातात कागद घेऊन उभा असलेला पर्यवेक्षक ओरडला. "मागे रांग लागलीय!"

खाली काय चाललंय ते एवेलियोला बघितल्यासारखं कळत होतं. 'ठीक' म्हटलं तर पोरीची नोकरी जाणार. 'नापास' म्हटलं तर बापाची भाकरी तिच्याच हातून तुटणार. आणि या पेचात तिला कुणी उभं केलं? आपणच. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने दार उघडलं आणि खाली उतरला.

"अहो काका, गाडीतून उतरायचं नसतं!"

"साहेब, खालच्या बाईंना ताटकळत ठेवू नका. डबा भाड्याचा आहे. मीच बसवून घेतला. नापास लिहा."

पर्यवेक्षक बघतच राहिला. "अहो, त्यांनी अजून काही म्हटलंसुद्धा नाही."

"त्यांनी बघितलंय. त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही ते."

"ओळखता का त्यांना?"

"नाही हो. मी कशाला ओळखेन?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने पोटच्या पोरीची ओळख नाकारली. पर्यवेक्षकाने कागदावरचं आडनाव वाचलं: किरोस, खालच्या बाईंचंही तेच. पण त्या डोंगरात निम्मे लोक किरोसच.

कर्णा खरखरला.

"पिकअप, रांग एक." आवाज कोरडा होता, शब्द एकेक करून येत होते. "धूर शुद्ध करणारा भाग या गाडीचा नाही. नापास."

एवेलियोने सुटकेचा श्वास घेतला. पण कर्णा बंद झाला नाही.

"आणि साहेब, ही तपासणी मी करायला नको होती. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. चालक माझे वडील आहेत."

शेडमधली सगळी माणसं वळून बघू लागली. एवेलियोचं तोंड उघडं राहिलं. एवढं सावरून धरलेलं पोरीने चार शब्दांत सांडून टाकलं होतं. त्याला तिचा राग आला, आणि रागाच्या खालून तिच्याबद्दलचं प्रेम असं उसळलं की त्याला गाडीचं दार धरावं लागलं.

पर्यवेक्षकाने कानामागचं पेन काढलं.

"तिने स्वतःहून सांगितलं, असं लिहितो," तो म्हणाला. "नियमाला तेवढं पुरतं. तुम्ही चला आता, काका."

"पापा," कर्णा म्हणाला. आता आवाजाला ओल आली होती. "गाडी पुढे घ्या. सावकाश."

त्याने गाडी पुढे घेतली, अगदी सावकाश.

फाटकाशी वाहतूक पोलीस पाना घेऊन तयारच होता. एवेलियोने त्याला हाताने थांबवलं.

"मी काढतो. तुम्ही बोल्टचे आटे खराब कराल."

"आता आटे काय करायचेत, काका?"

एवेलियोने सीटमागून स्वतःचा पाना आणला, खाली बसून पुढची पाटी सोडवली, मग मागची. उद्या पहाटे चौदा दारांत बायका कॅन घेऊन उभ्या राहतील, टँकरकडे बघतील, आणि कुणीतरी विचारेल की एवेलियो कुठे आहे. ते ऐकायला आपण तिथे नसणार, हेच बरं, असं त्याला वाटलं.

मागच्या पाटीवर गोठ्यातला चिखल वाळून घट्ट बसला होता. पोलिसाने हात पुढे केला. "थांबा जरा," एवेलियो म्हणाला. त्याने सदऱ्याच्या बाहीने पाटी घासली, सगळे आकडे लख्ख दिसू लागेपर्यंत घासली, आणि मग दोन्ही पाट्या त्याच्या हातात दिल्या.