दिवस मावळायच्या आत

“भरमू, खाऊन घे की रं. दिवस चालला बघ,” त्याच्या वर्गातली जया म्हणाली.

विद्यापीठाच्या सभागृहाबाहेरच्या कट्ट्यावर भरमू डबा मांडीवर घेऊन बसला होता. आत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा रंगात आला होता.

“नेमू येतोय न्हवं. सांबऱ्याला विमान उतरलंय, फोन आलता,” असं म्हणत भरमूनं पुन्हा पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य पाण्याच्या टाकीवर जेमतेम हातभर उरला होता.

नेमिनाथ हैदराबादच्या एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मेळाव्याला येत होता. उजेड आहे तोवर त्याच्या शेजारी बसून पूर्वीसारखं एकदा जेवावं, एवढंच भरमूला हवं होतं. त्यासाठी भरमूची बायको दुर्गाबाई हिनं सकाळीच कांदा-लसणाला हात न लावता घेवड्याची भाजी केली होती, शाळूच्या भाकरी थापल्या होत्या आणि कारळ्याच्या चटणीवर लोण्याचा गोळा ठेवून डबा बांधून दिला होता.

एम.एस्सी.ला दोघं टिळकवाडीत एका खोलीत राहत. नेमिनाथ निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. दिवस मावळला की तो अन्नाला शिवत नसे. भरमू जांबोटीचा, मासे-मटणावर पोसलेला गडी. सुरुवातीला नेमिनाथ उजेडात एकटाच जेवून घ्यायचा आणि रात्री भरमू खानावळीत बसला की त्याच्या शेजारी नुसता येऊन बसायचा. “एकट्यानं जेवू नये रं, बरं दिसत न्हाई,” म्हणायचा. हा आपल्यासाठी रिकाम्या हातानं बसतो आणि आपण मेले खुशाल ओरपतो, याची भरमूला लाज वाटायला लागली. मग खानावळीच्या धोंडूबाईंच्या हातापाया पडून त्यानं दोघांचीही ताटं दिवस मावळायच्या आत वाढून घ्यायला सुरुवात केली.

पुढं पदव्या मिळाल्या आणि पाखरं उडाली. भरमू उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्याची वाळू तपासायला लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. पण उजेडात जेवायची सवय काही सुटली नाही. घरात मटण शिजलं तरी स्वारी दिवस मावळायच्या आत पाटावर! हा कुठला धर्म, ते पिरनवाडीतल्या शेजाऱ्यांना उमगत नसे. कारखान्यात त्याला ‘अर्धा जैन’ म्हणत. दुर्गाबाई बिचारी त्याला वाढून मोकळी व्हायची आणि सगळं आवरून मागाहून आपलं ताट घ्यायची. भरमूनं खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. या वेळेला तिकडं नेमूही जेवायला बसला असेल, असं त्याला रोज वाटायचं. त्यामुळं आपण एकटे जेवतो आहोत, असं त्याला कधी वाटलंच नाही.

“भरमू, आत चल. तुझं नाव पुकारलं,” जयानं हाक मारली.

आत एकेक जण उठून आपण काय झालो ते सांगत होता. एकजण धारवाडला न्यायाधीश झाला होता. एक कॅनडाहून आली होती. परशरामनं केमिस्ट्री गुंडाळून काजूची बाग लावली होती. जयानं मघाशीच टाळ्या घेतल्या होत्या. “शहापुरात आमचे माग हाईत. शिकलेलं सगळं सूत रंगवायच्या टाकीत कामाला आलं,” असं तिनं ठसक्यात सांगितलं होतं.

भरमू डबा हातात धरूनच उभा राहिला. “मी वाळू तपासतो. वाळू बिघडली की ओतकाम फसतं, म्हणून तपासायची,” एवढं बोलून तो बाहेर धावला. तेवढ्या वेळात सूर्य टाकीआड गेला होता. नंतर तो मावळलाच. भरमू टाकीकडं बघत उभा राहिला.

आकाशातली लाली गेल्यावर नेमिनाथची गाडी आली.

“भरम्या!” त्यानं धावत येऊन मिठी मारली. पार वाळला होता, पण हसणं तेच. “चल, आधी जेवू. विमानात नुसता चहा दिला बघ.”

आत जेवणं सुरू झाली होती. नेमिनाथनं ताट घेतलं, पुऱ्या घेतल्या, बटाट्याची भाजी घेतली. भरमू बघत राहिला.

“नेमू, दिवस मावळला रं.”

नेमिनाथ हसला. “ते कवाच सुटलं. आई हुती तवर पाळलं. ती गेली, मग उजेडात ताट वाढणारं कोण? त्यात मीटिंगा, विमानं. तुझ्या अजून ध्यानात हाय व्हय? घे, तूबी ताट घे.”

“मी न्हाई जेवत दिवस मावळल्यावर.”

“तू? कवापासनं?”

“तवापासनंच की.”

नेमिनाथचा हात ताटातच थांबला. त्याची नजर डब्यावर गेली.

“त्यात काय हाय?”

“काय न्हाई. आपलं असंच.”

भरमूला राग आला नाही. पण ज्याच्या सोबतीनं आपण आयुष्यभर जेवलो, तो त्या वेळेला ताटावर नव्हताच, हे कळल्यावर त्याला फार एकटं वाटलं. मागची सगळी जेवणं एकट्यानंच केल्यासारखी वाटली.

नेमिनाथ ताट खाली ठेवायला लागला, तसा भरमूनं त्याचा हात धरला.

“ठिवू नको. वाढून घेतलेलं टाकू नये, तूच सांगायचास. जेव तू. मी बसतो शेजारी.”

नेमिनाथ मान खाली घालून जेवला. भरमू रिकाम्या हातानं त्याच्याजवळ बसून राहिला.

भरमू पिरनवाडीला पोचला तेव्हा दुर्गाबाई नुकतीच जेवायला बसत होती.

“जेवलासा न्हवं दोघं?” तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

“बसलो की शेजारी-शेजारी.”

तिनं डबा घ्यायला हात पुढं केला. सकाळी दिला होता तेवढाच तो जड होता. तिनं एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि डबा बाजूला ठेवला.

हातपाय धुऊन भरमू बाहेर आला. दिव्याच्या उजेडात दुर्गाबाई भिंतीकडं तोंड करून एकटीच जेवत होती. ती रोज अशीच जेवत असणार. आपण मात्र कधी बघायला आलो नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

तो तिच्यासमोर जाऊन बसला आणि त्यानं डब्याची गाठ सोडली.

“अवं, दिवस मावळून किती येळ झाला!” ती घाबरून म्हणाली.

“मावळू दे.”

डब्यातली भाकरी गार झाली होती. त्यानं ती मोडली आणि अर्धी तिच्या ताटात घातली. दुर्गाबाईनं आपलं ताट थोडं सरकवून डब्याला जागा करून दिली.