आधी तुम्ही

लायल ब्रेके चांगला माणूस आहे. हे मला गावातल्या प्रत्येकाने निदान दोनदा सांगितलंय. चर्चमध्ये पाद्रीबाईंनी सांगितलं, पोस्टातल्या बाईने सांगितलं, केस कापणारीने तर कात्री हातात धरून सांगितलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं! पस्तीस वर्षं आमच्या शेताला त्याचं शेत लागून आहे. तो चांगला आहे म्हणूनच तर माझ्या नवऱ्याची ही गत झाली.

आमच्या स्टॅव्हिक गावात मोठा चौक एकच, धान्याच्या कोठारापाशी. चारही बाजूंना थांबायची लाल पाटी. जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार, असा नियम. पण आमच्याकडे नियमाने निघतंय कोण? आम्ही पडलो मिनेसोटाचे, त्यातून आजे-पणजे नॉर्वेचे. चर्चमध्ये कॉफीबरोबर लिंबाच्या वड्यांचं ताट ठेवलं की शेवटची वडी कुणी उचलत नाही. कुणीतरी तिचे दोन तुकडे करून एक घेतं. मग उरलेल्याचे दुसरं कुणी दोन तुकडे करतं. शेवटी ताटात चिमूटभर चुरा राहतो आणि तोसुद्धा ‘घे ना गं तू’ म्हणत एकमेकींकडे सरकवतात. चौकातही हाच प्रकार. ज्याची पाळी असते तो स्टिअरिंगवरचा हात उचलून म्हणतो, जा तू. समोरचा म्हणतो, छे छे, तू जा. कधी कधी चार गाड्या उभ्या, चौघेही हात हलवताहेत आणि गाडी एकाचीही हलत नाही.

गेल्या ऑक्टोबरात, बीट काढायच्या दिवसांत, लायल त्या चौकात पहिला आला. मग त्याच्या समोरून बीटने भरलेला ट्रक आला. मग बाजूच्या रस्त्याने माझा मायलो. म्हणजे पाळी आधी लायलची, मग ट्रकची, मग मायलोची. लायलने हात उचलला आणि मायलोला खूण केली, जा. मायलो निघाला. ट्रकवाला डाकोटाकडून हंगामापुरता आलेला, त्याला आमच्या रीतीभाती काय ठाऊक? लायल जागचा हलत नाही हे बघून तो आपला निघाला, आणि थेट मायलोच्या दारावर आला.

आपली पाळी सोडायची तर खुशाल सोड. पण लायलने त्या ट्रकवाल्याची पाळी उचलून माझ्या नवऱ्याला देऊन टाकली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. आणि गावाने दोष दिला कुणाला? ट्रकवाल्याला! त्या दिवशी त्या चौकात नियमाने वागलेला तो एकटाच होता.

मायलोची उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाच महिने झाले, तो इथून चाळीस मैलांवरच्या एका शुश्रूषागृहात आहे. समजतं त्याला सगळं, पण जेवतो फक्त माझ्या हातून. नर्सने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतो. मी आठवड्यातून दोनदा जायची, म्हणजे तो आठवड्यातून दोनदा जेवायचा. बाकीचे दिवस बाटलीतलं काहीतरी दोन घोट. फेब्रुवारीअखेर त्याचं वजन अकरा पौंडांनी उतरलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, “मिसेस हॉगन, तुम्हाला रोज येता येईल का बघा. नाहीतर पोटात नळी घालावी लागेल.”

रोज येऊ कशी? गाडी मला येते, दहाव्या वर्षी बापाचा ट्रॅक्टर चालवलाय. शेडमध्ये मायलोचा जुना पिकअपही उभा आहे. पण माझं लायसन्स संपून दोन वर्षं झाली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, न्यायला-आणायला मायलो होताच, ते काम राहून गेलं. आता लेखी परीक्षा दिल्याशिवाय लायसन्स मिळणार नव्हतं. आणि तोवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मला नेणार कोण? लायल ब्रेके. गाडी आधीच गरम करून आणायचा. माझ्या पाठीसाठी सीटवर उशी ठेवायचा. ती उशी खिडकीतून बाहेर भिरकावून द्यावी असं मला दर खेपेला वाटायचं. रोज नेशील का, असं त्याला विचारणं तर दूरच.

मी नियमांचं पुस्तक आणलं. अडुसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पाठांतर. शाळेच्या बसपासून किती फुटांवर थांबायचं, धुक्यात कुठला दिवा लावायचा, बर्फात गाडी घसरली तर स्टिअरिंग कुणीकडे. पण खरं सांगते, त्या पुस्तकात मी एकच गोष्ट शोधत होते, आणि ती सापडली. त्या ओळीखाली मी लाल पेन्सिल इतकी दाबून ओढली की कागद फाटला.

परीक्षेच्या दिवशीही नेणारा लायलच. गाव मागे पडल्यावर मी पुस्तक उघडलं.

“लायल, ऐक. ‘दुसऱ्या चालकाला हाताने खूण करून पुढे जायला सांगू नये. त्याला न दिसणारा धोका तुम्हालाही दिसत नसेल.’ ऐकलंस?”

“ऐकलं.”

“परत वाचू?”

“वाच.”

मी परत वाचलं, या वेळी मोठ्याने. दोन मैल गेले. मग लायल म्हणाला, “हीटर वाढवू का गं? तुझे पाय गार पडले असतील.”

अशा माणसाचं करायचं तरी काय?

परीक्षा जिल्हा कचेरीच्या तळघरात होती. एका स्क्रीनसमोर बसायचं, चाळीस प्रश्न, बत्तीस बरोबर यायला हवेत. काउंटरवर रेनी नावाची पोरगेली बाई, नखं जांभळी. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. दारू पिऊन चालवणाऱ्यांच्या प्रश्नांत चार चुकले, कारण आमच्या घरात कुणी पितच नाही. चाळिसाव्या प्रश्नाला पोहोचले तेव्हा एकतीस बरोबर आणि आठ चूक होते.

चाळिसावा प्रश्न असा: चौकात दुसऱ्या चालकाने हात करून तुम्हाला पाळीआधी जायला सांगितलं. तुम्ही निघालात आणि अपघात झाला. रस्ता मोकळा आहे हे बघायची जबाबदारी कुणाची?

पहिलाच पर्याय होता, हात करणाऱ्याची. बाकीचे वाचलेही नाहीत. पाच महिने मी हा प्रश्न कुणीतरी विचारायची वाट बघत होते. बोट दाबलं.

स्क्रीन लाल झाली.

“अरेरे,” रेनी म्हणाली. “एका गुणाने गेलात. आपल्या भागातले सगळे याच प्रश्नावर आपटतात बघा.”

“उत्तर चुकलंय.”

“हो ना, तुमचं—”

“माझं नाही, मशीनचं चुकलंय.”

ती हसली नाही, हे तिचं नशीब. “मिसेस हॉगन, हात करणारा नुसता हात करतो हो. गाडी कुणाच्या पायाने निघते? ज्याचा पाय, त्याची जबाबदारी.”

“तुझं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग गप्प बस.”

बाहेर लायल दोन कॉफ्या घेऊन उभा होता. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. “असू दे गं आर्डिस, घाई काय आहे? मी आहे ना न्यायला. मला काही त्रास नाही.”

मग मात्र माझा तोल गेला. बर्फ वितळून चिखल झालेल्या त्या पार्किंगमध्ये, येणारे-जाणारे बघत असताना, मी ओरडले. आमच्याकडे असं कुणी ओरडत नाही. “तुला त्रास नाही! त्रास व्हावा म्हणूनच नेतोस ना मला? तिकडे तो उपाशी पडलाय आणि तू मला उशा देतोस! एकदा तरी म्हण ना रे, माझी चूक झाली म्हणून!”

लायलने दोन्ही कॉफ्या गाडीच्या टपावर ठेवल्या. “म्हटलं होतं मी,” तो म्हणाला. “त्याच दिवशी शेरीफला सांगितलं, हात मी केला, माझं नाव लिहा. तो म्हणाला, कायद्यात ते बसत नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तो म्हणाला, घरी जा लायल.” मग म्हणाला, “तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं. म्हणून गाडी आणली.”

“म्हणजे शेरीफने शिक्षा दिली नाही म्हणून ती तू माझ्याकडून भोगून घेतोयस.”

“असेल तसं.”

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट आणखी संताप आला, कारण आता त्याच्यावर ओरडायची सोयही राहिली नाही. घरी येईपर्यंत मी त्याने हातात दिलेली कॉफीही प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. प्रश्न उलटेपालटे होऊन आले. चौकाचा प्रश्न शेवटून दुसरा होता, आणि तोवर माझे एकतीस बरोबर, सात चूक. बत्तिसावं उत्तर बरोबर आलं की मशीन तिथेच थांबतं. या वेळी मी चारही पर्याय वाचले. हात करणारा. आपल्या पाळीने निघालेला दुसरा चालक. खूण बघून जो निघाला तो. कुणीच नाही.

उत्तर मला ठाऊक होतं. उत्तर मला काल रेनीने सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं, हे मी कुणाजवळ कबूल करणार? पुस्तकात लाल रेघेच्या खालचीच ओळ होती ती: खूण मिळाली तरी रस्ता स्वतः पाहिल्याशिवाय निघू नये. ती ओळ मी रोज हाताने झाकून वरची वाचत असे. आता झाकायला जागा नव्हती. मायलोला रोज जेवू घालायचं, तर आधी मायलोचीच चूक होती असं माझ्या बोटाने सांगायचं. मी मशीनला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि तिसरा पर्याय दाबला.

स्क्रीन हिरवी झाली. रेनीने फोटो काढताना हसायला सांगितलं. मी हसले नाही.

लायलने मला घरी सोडलं. मी उतरले, उशी सीटवर नीट ठेवली आणि म्हटलं, “उद्यापासून येऊ नकोस.” त्याने मान हलवली. मग मी शेडमधून पिकअप काढला आणि चाळीस मैल एकटी गेले.

मायलोचं ताट आलेलंच होतं. कुस्करलेले बटाटे, रस्सा, मऊ शिजवलेलं गाजर. मी खुर्ची ओढली, चमचा भरला. “पास झाले,” म्हटलं. त्याने घास घेतला. ओठांच्या डाव्या कोपऱ्याने हसल्यासारखं केलं. त्या हसण्यानेच मी भडकले.

“हसतोस काय? एक प्रश्न होता मायलो, चूक कुणाची म्हणून. मी तुझ्यावर बोट ठेवून आले. लायलने हात केला, बरं. पण तुझे डोळे कुठे गेले होते? ट्रक होता तो, कोंबडी नव्हती! एकदा मान वळवायला काय झालं होतं तुला? कुणीही जा म्हणावं आणि तू जावंस? पाच महिने मी लायलच्या नावाने बोटं मोडतेय, कारण तुझ्यावर ओरडावं इतकाही तू शिल्लक राहिला नाहीस!”

नर्स दारात येऊन उभी राहिली. मी तिला हातानेच जा म्हटलं. चमच्यातला रस्सा चादरीवर सांडला होता. मायलोने माझ्यावरची नजर हटवली नाही. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं, पण नजर हटली नाही. माझं ओरडून होईस्तोवर तो बघत राहिला.

मग त्याने तोंड उघडलं.

मी चमचा भरला. मग पुढचा. गाजरसुद्धा खाल्लं त्याने, जे तो चांगला असताना कधी खात नव्हता. ताट रिकामं झालं तेव्हा मी त्याचं तोंड पुसलं, चादर बदलून घेतली आणि माझा राग जराही कमी झालेला नाही हे त्याला सांगितलं. उद्या परत जाणार आहे, आणि परत ओरडणार आहे.