जोतिरामाच्या बांधाकडची वाट

सकाळच्या उन्हानं ढेकळं अजून तापली नव्हती, पण रानाचा मालक गुरप्पा तापला होता. ज्वारीच्या सडातनं धोतराचा सोगा हातात धरून तो तरातरा गुंडा धनगराच्या बिऱ्हाडापाशी आला आणि काठीचं टोक जमिनीकडं रोखून म्हणाला,

"एनप्पा गुंडा, ही वाट कुणाची?"

गुंडा वाघरीच्या दोरीच्या गाठी सोडत बसला होता. मेंढरं रात्री कोंडायचं ते जाळं रोज एका पट्ट्यातनं पुढच्या पट्ट्यात हलवायचं, म्हणजे लेंड्या-मुताचं खत साऱ्या रानाला पोचायचं. खुंट्या उपटायचं काम पोराचं, बिरुदेवाचं. तो मेंढरं घेऊन केव्हाच माळाला गेला होता. डॉक्टरनं जड उचलायला मनाई केल्यापासून गुंडाच्या वाट्याला गाठी सोडणंच काय ते उरलं होतं. त्यानं काठीच्या टोकाकडं बघितलं. काळ्या रानात, बिऱ्हाडापासून थेट शेजारच्या जोतिरामाच्या बांधावरच्या वेड्या बाभळीपर्यंत चपलांची वाट मळली होती.

"कुणाची म्हंजी? येणाऱ्या-जाणाऱ्याची."

"येणारा-जाणारा तुज्या बिऱ्हाडातनं निघून बाभळीपाशीच कसा थांबतुय? म्होरं वाटच न्हाय की."

गुंडानं चुलीकडं चोरून बघितलं. बनाबाई खाली मान घालून भाकरी थापत होती. हिनंच कुणाला सांगितलं असेल का? सोलापुरातनं दवाखाना करून आल्यापासून त्याचा बायकोवरचा भरवसा उडाला होता. विहिरीवर दोन बाया बोलताना दिसल्या, की आपलंच चाललंय असं त्याला वाटायचं.

दुर्बिणीतनं प्रोस्टेटची गाठ काढली, लघवीची नळीही निघाली, धार मोकळी झाली. तरी कळ आली की थांबायची नाही, आणि खोकला आला की थेंब सुटायचा. धोतराखाली दुहेरी फडकं बांधून तो हिंडायचा. कुत्रं लाडानं जवळ येऊन हुंगायला लागलं, तरी त्याला दगड मारायचा.

डॉक्टरवरही त्याचा विश्वास नव्हता. हळूहळू सुधारेल, पाणी भरपूर प्या, असं तो म्हणाला होता. गळक्या भांड्यात आणखी पाणी ओता असं कुणी शहाणा सांगेल का? गुंडानं पाणी कमी केलं. मग लघवी पिवळीजर्द झाली, जळजळायला लागली आणि खेपा वाढल्या. खेपा वाढल्या म्हणून त्यानं पाणी अजून कमी केलं.

"गप का बसलास?" गुरप्पानं काठी आपटली. "जोतिरामाशी बोलणी चालल्यात तुजी. त्यो टँकर मागवणार म्हणं तुज्या मेंढरांसाठी. माज्या खालच्या पट्ट्यात मेंढरं बसवायची ऱ्हायल्यात, आन तू तिकडं पळाय निघालास!"

"न्हाय आप्पा. बिरोबाची आण."

"मग जातूस कशाला? शेवटची येष्टी गेली तवा गेलास. चांद बुडाला तवा गेलास. कोंबडं आरवायच्या आदी पुन्ना गेलास. समदं बघितलंय म्या."

"लांडगं हिंडतंय," गुंडा म्हणाला. "त्येला हाकलाय जातूय."

"लांडगं? आन तुजी कुत्री भुकत न्हाईत?"

"वळखीचं आसंल," बनाबाई तव्याकडं बघत पुटपुटली.

गुरप्पाला हसू आलं नाही. त्याची नजर गुंडाच्या तोंडावरनं हलत नव्हती. "तुज्या बापापास्नं ह्या रानात मेंढरं बसत्यात. रानाला लेंडी-मूत मिळतंय, मेंढरांना माज्या हिरीचं पाणी. कदी शब्द फिरला न्हवता. तुजा फिरला. दुपारपातुर बिऱ्हाड उचल. आज हिरीवर मेंढरू दिसाय नगं."

एवढं बोलून तो वळला. यंदा गुरप्पाची सोडून आसपासच्या साऱ्या विहिरींनी तळ दाखवला होता. दुपारी बिरुदेव मेंढरं वळवून आणणार, कोकरं जिभा काढून विहिरीकडं धावणार, आणि त्यांना काय सांगायचं?

बनाबाई पिठाच्या हातानं उठली. "आवं, सांगा की! मेंढरांच्या मुतावर समदा संसार केला. लोकांनी मानानं बोलवून न्हेलं त्येच्यासाठी. आन आपल्या मुताची येवढी लाज?"

"गप बस!"

"काय सांगायचंय?" गुरप्पा थबकला. "काय लपवताय दोगं?"

गुंडानं गाठ सोडायची थांबवली.

"मुताय जातूय, आप्पा. बिऱ्हाडात सून हाय, म्हणून बाभळीमागं जातूय. सोलापुरात आपरेशन झालं. गाठ काढली. पर आजून दम निगत न्हाय. वाटंतच भिजतूय."

गुरप्पानं डोळे बारीक केले.

"खोटं. आपरेशन झाल्यावर कसं काय जावं लागंल?"

"फडकं दावू का?"

"नगं, नगं!"

पण गुंडाचं डोकं आता दुसरीकडंच चाललं होतं. गुरप्पाचं घर उगवतीला. जोतिरामाचा बांध मावळतीला. मधे आख्खा गोठा आडवा.

"आप्पा, तुमी मला बघितलं कुटनं?"

"दारातनं."

"दारातनं गोठ्याची भित दिसती."

"मग... गोठ्यामागनं बघितलं."

"दर खेपंला?"

गुरप्पानं काठी या हातातनं त्या हातात घेतली. "बैलं बघाय गेलतो."

"बैलं तर गेल्या साली इकली न्हवं तुमी?" बनाबाईनं विचारलं.

गुरप्पानं घराकडं एकदा वळून बघितलं, आणि वाघरीच्या गुंडाळीवर, गुंडाच्या शेजारी येऊन बसला. बनाबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली.

"रातचा गोठ्यामागं कशाला जातूय, त्ये घरवालीला ठावं न्हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिला वाटतंय, मला बाहीरचा नाद लागलाय ह्या वयात."

"धार कशी हाय?"

"धार कसली! हुबा ऱ्हातूय नुसता. पाय दुकत्यात." तो जरा घुटमळला. "कापत्यात का रं?"

"वरनं काय न्हाय. दुर्बीण घालत्यात."

"कुटनं?"

गुंडानं सांगितलं. गुरप्पानं डोळे गच्च मिटले. "शिवा शिवा! आन येवढं करून तू बरा झालास म्हणायचं का न्हाय?"

झालो, असं सांगून टाकावं असं गुंडाला वाटलं. पण हा माणूस ते तपासल्याशिवाय सोडणार नव्हता.

"निम्मा झालो. मोकळं हुतंय, त्ये लई हाय. धरून ठेवाय आजून जमत न्हाय. डॉक्टर म्हणला, म्हैनं जात्यात. रोज आवळून धरायचा व्यायाम सांगितलाय. पाणी पी म्हणला."

"आन पीत न्हाईत," चुलीपासनं आवाज आला.

"मीबी सोडलंय," गुरप्पा म्हणाला.

बनाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मधे ठेवला.

"आदी तू," गुरप्पा म्हणाला.

"आदी तुमी."

"तुजं आपरेशन झालंय. तुजं काय हुतंय बघतो, मग मी."

गुंडानं त्याच्याकडं नजर रोखूनच तांब्या उचलला आणि निम्मा रिकामा केला. गुरप्पानं वाकून तांब्यात बघितलं, खरंच प्याला का ते. मग उरलेलं पाणी त्यानं डोळे मिटून संपवलं. दोघंही आतनं काही हालचाल होतीय का याचा अंदाज घेत बसले.

"मेंढरं आणू दे दुपारी हिरीवर," शेवटी गुरप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला. "आन उद्याच्याला वाघर खालच्या पट्ट्यात लाव."

"आन गोठ्यामागचा पट्टा? त्यो कवा बसवायचा?"

"त्यो सोड," गुरप्पा चालता चालता म्हणाला. "त्येला खत पोचलंय."